तुळई थांबेल, आधी नेक मागवा

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे, वय २६. गिटार वाजवतो. आता एक इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवायची आहे. गावभागातलं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हाची सहा बाय पाच इंचाची, आठ फुटी सागवानी तुळई शेडमध्ये पडून आहे. २०१९ च्या पुरात ती पाण्याखाली होती. वडील सुतारकाम करायचे. ते म्हणतात, असलं सागवान आता मिळत नाही, त्याचं देवघर करू, तू नुसता भुगा पाडशील. इंटरनेटवर कुणी सांगतं, महोगनी किंवा ॲशशिवाय आवाजच येत नाही. कुणी म्हणतं, लाकडाने काही फरक पडत नाही. माझं बजेट १५ हजार. नेक (गिटारची मान) स्वतः करू की तयार घेऊ? पिकअप कोणता घेऊ? आणि मिरजेत सतारमेकरांकडे उपयोगाचं काही मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे वडील निम्मे बरोबर आहेत. पहिल्याच गिटारसाठी ती तुळई कापू नका. दुसऱ्या गिटारसाठी खुशाल कापा, आणि त्या वेळी वडिलांना सोबत घ्या. देवघर आणि गिटार दोन्ही त्या तुळईत बसतं, तो हिशेब खाली दिला आहे.

आधी कामाचा क्रम. पहिल्यांदा गिटार करणारा माणूस बहुतेक वेळा लाकडापासून सुरुवात करतो. छान फळी मिळवतो, आकार कापतो, खाचा पाडतो आणि मग पार्ट मागवतो. पार्ट आले की नेकची हील, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, तिच्यासाठी पाडलेल्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये, डगडगते, ब्रिजचे (बॉडीवरच्या घोडीचे) स्क्रू पिकअपच्या खाचेत उतरतात, केबल लावायच्या जॅकची पट्टी कडेवर बसत नाही. तुम्ही उलटं करा. नेक, ब्रिज, मशीनहेड (तारा पिळायच्या खुंट्या), पिकअप, पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायची बटणं), जॅक, सगळं टेबलावर येऊ द्या. व्हर्नियर लावून प्रत्येकाचं माप वहीत लिहा आणि मगच लाकडाला हत्यार लावा. फेंडर या अमेरिकी कंपनीच्या धाटणीच्या नेकची हील ५६ मिमी रुंद आणि साधारण २५ मिमी जाड धरतात, बॉडीतलं पॉकेट १६ मिमी खोल. पण प्रत्येक कारखान्याच्या नेकमध्ये थोडं इकडेतिकडे असतंच. पॉकेट अर्धा मिलिमीटर सैल झालं तर काय होतं, हे व्हीएमसीवाल्याला मी वेगळं सांगायला नको.

आता लाकूड आणि आवाज. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. गिटारची स्टीलची तार त्या चुंबकासमोर हलली की गुंडाळीत वीज उमटते आणि केबलमधून ॲम्पकडे जाते. लाकडाचा कंप पिकअपला थेट कळत नाही. सतारीत तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) हवा हलवते, म्हणून तिथे लाकूड बोलतं. इथे लाकडाचं काम तारेची दोन्ही टोकं पक्की धरून ठेवण्याचं. ती किती पक्की धरली आहेत त्यावर सूर किती वेळ टिकतो हे थोडंफार ठरतं, एवढं मी मान्य करतो. पण पिकअप एक मिलिमीटर वर-खाली केला, किंवा महिनाभर घामात भिजलेल्या तारा काढून नव्या लावल्या, तरी कानाला त्याहून मोठा फरक कळतो.

इतिहासही हेच सांगतो. रिकनबॅकरची १९३२ मध्ये विक्रीला आलेली इलेक्ट्रिक गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. तिच्या आकारामुळे लोक तिला फ्राइंग पॅन म्हणायचे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या आसपास चार बाय चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले, आणि लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना दुसऱ्या गिटारचे अर्धे-अर्धे पंख लावले. डॅनइलेक्ट्रोने हार्डबोर्डच्या गिटारी विकल्या, अँपेगने १९६९ मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकची. फेंडरने १९५० मध्ये ॲशची गिटार काढली आणि १९५६ च्या सुमाराला बऱ्याच गिटारींसाठी आल्डर वापरायला घेतलं. तिकडे ही लाकडं मिळत होती, मशीनवर नीट चालत होती, आल्डरवर रंगही चटकन बसत होता. लाकडाच्या नावामागे जो मंत्र-तंत्र उभा राहिला तो नंतरचा. तेव्हा बाहेरून महोगनीचा ब्लँक मागवण्यात तुमच्या १५ हजारांतला रुपयाही घालू नका.

लाकडात पाहायचं ते वजन, कोरडेपणा आणि स्क्रू धरण्याची ताकद. आल्डर घनमीटरला साधारण ४५० किलो भरतं, सागवान ६५० च्या आसपास. म्हणजे आल्डरची जी बॉडी दोन किलोच्या आसपास होते, तीच भरीव सागवानात तीन किलोकडे जाते. त्यावर नेक, ब्रिज, मशीनहेड. गणपतीत दोन तास गळ्यात अडकवून उभं राहिलात की हा किलोभराचा फरक खांद्याला कळेल. बाभूळ याच कारणाने बाद. निलगिरी पिळते. आंबा स्वस्त मिळतो, दिसतोही छान, पण टोका लागायला वेळ लागत नाही. वखारवाल्याने औषध मारून, सुकवून दिला असेल तरच घ्या. शिवण आणि सिल्व्हर ओक बॉडीसाठी चांगले, पण अख्खी वाळलेली फळी मिळाली तरच.

पहिल्या बॉडीसाठी मात्र मी यातलं काहीच घ्यायला सांगणार नाही. तुम्ही एमआयडीसीत काम करता. बाहेरून मशिनरी येते ती पाइनच्या पेट्यांत आणि पॅलेटवर, आणि मशीन उतरलं की ती लाकडं कंपाउंडच्या कडेला पडून असतात. स्टोअरवाल्याला विचारून तिथल्या जाड पट्ट्या निवडा. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शेजारी इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, ते घ्या. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, त्याचा भुगा तर नाकात अजिबात जाऊ देऊ नका. शिक्का नसेल तरी सोडून द्या.

पाइन मऊ असतं, नखाने खड्डा पडतो, पण पहिल्या बॉडीला त्याचं काही नाही. तुम्हाला शिकायचंय ते पॉकेट, ब्रिजची जागा आणि खाचा. आणि बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने जोडलेल्या नेकची गिटार असेल तर या बॉडीवरचे सगळे पार्ट नंतर काढून जसेच्या तसे सागवानी बॉडीवर चढवता येतात. तोच नेक, तोच पिकअप, त्याच जातीच्या तारा. लाकडाने आवाज बदलतो की नाही, याचा निकाल मग इंटरनेटवर विचारावा लागणार नाही.

नेक तयार घ्या. याबाबत माझं मत पक्कं आहे. दहा-सेहेचाळीसचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच, सर्वांत जाड ०.०४६) तारांचा सेट ६४८ मिमी स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर, सुरात चढवला की सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो होतो. बॉडी तो ताण सहज पेलते. तो सोसावा लागतो नेकला, तोही जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीच्या पट्टीला, वर्षानुवर्षं, सांगलीच्या जुलैत आणि सांगलीच्या एप्रिलमध्येही. त्यात ट्रस रॉडची (नेकच्या आत बसणाऱ्या, बाक काढणाऱ्या सळईची) खाच, फिंगरबोर्डची (बोटं टेकतात त्या पट्टीची) गोलाई, फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकणं, एका पातळीत आणणं, त्यांचे माथे पुन्हा गोल करणं, हे प्रत्येक वेगळं काम आहे. फ्रेटच्या जागांचं गणित सोपं आहे, तुम्ही ते मशीनवर घालालही : ६४८ ला १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ३६.३७ मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जायचं. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ मिमीला पडला की हिशेब जुळला. पण गणित जमलं म्हणून नेक जमत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या गिटारला करा.

तयार नेक घेताना मेपलचा घ्या, कडेने पाहिल्यावर रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारा. ट्रस रॉड दोन्ही बाजूंनी चालणारा असावा, म्हणजे नेक पुढे वाकला तरी आणि मागे गेला तरी दुरुस्त करता येतो. हीलला आधीच भोकं पाडलेली नसली तर उत्तम. मशीनहेडची भोकं बहुधा १० मिमीची असतात. तुमचे मशीनहेड त्यात बसतात का ते मागवतानाच ताडून पाहा. नेक हातात आला की हीलकडून एका डोळ्याने नजर टाका. थोडा बाक रॉडने निघतो, पीळ निघत नाही. पीळ असेल तर त्याच दिवशी परत पाठवा. उन्हाळ्यात फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचायला लागली तर घाबरू नका. लाकूड आकसलं आहे, फ्रेटचा धातू तेवढाच राहिला आहे. बारीक कानशीने टोकं मोडली की झालं.

बजेटमधला सर्वांत मोठा वाटा या नेकला द्या. त्याखालोखाल ब्रिज आणि मशीनहेड. मशीनहेड हलके घेतले तर रोज सुरात लावण्यातच वेळ जाईल. पिकअप नंतर बदलता येतो, म्हणून तिथे सुरुवातीला मधल्या किमतीचा चालेल.

ब्रिज साधा, न हलणारा हार्डटेल घ्या, सपाट पट्टीचा. फ्लॉइड रोज या हलत्या ब्रिजचा मोह आवरा. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या धर्तीचा उंच ब्रिज घेतलात तर नेक काही अंश मागे कलता बसवावा लागतो आणि पहिल्याच पॉकेटमध्ये तो कोन साधणं कठीण. हार्डटेलला पॉकेट बॉडीला समांतर, सरळ. फारच चुकलं तर हीलखाली पातळ पट्टी घालून उंची सावरता येते.

ब्रिज कुठे बसवायचा, यावर अख्खी गिटार अवलंबून आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. नेक पॉकेटमध्ये स्क्रूने पक्का बसल्याशिवाय ब्रिजचं एकही भोक पाडायचं नाही. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा आणि दुप्पट करा. खोक्यावर काय छापलं आहे त्यावर जाऊ नका. जे माप येईल तिथे बॉडीवर आडवी रेघ मारा. ब्रिजवरचं सर्वांत बारीक तारेचं सॅडल (तार टेकते तो सरकणारा तुकडा) पुढे, म्हणजे नेकच्या बाजूला, जवळजवळ शेवटपर्यंत सरकवा आणि ते बरोबर त्या रेघेवर येईल असा ब्रिज ठेवा. जाड तारांची सॅडलं सूर जुळवताना मागेच जातात, सर्वांत जाड तारेचं तीन-चार मिलिमीटर तरी, म्हणून मागे जागा हवी. आता आडवी जागा. दोन शिवणाचे दोरे घ्या, नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ओढून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलांवर चिकटपट्टीने ताणून लावा. हीलजवळ, शेवटच्या फ्रेटवर, दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. एका बाजूला दोन मिमी आणि दुसऱ्या बाजूला चार दिसत असतील तर ब्रिज सरकवा, पुन्हा पाहा. जुळलं की पेन्सिलने नव्हे, टोच्याने खुणा करा. पिकअपची खाच त्यानंतरच आखा, दोऱ्यांच्या मधोमध.

नेकचे चार स्क्रू लावताना एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बॉडीतली भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी हवीत, म्हणजे स्क्रू त्यातून हाताने ढकलला तरी सरकला पाहिजे. पकड फक्त नेकमध्ये. स्क्रूची जाडी ४.२ मिमी असेल तर बॉडीत ४.५ चं भोक, मेपलमध्ये ३ मिमीचं. दोन्हीकडे आटे धरले तर नेक आणि बॉडीमध्ये फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती मिटत नाही. स्क्रूला जरा साबण किंवा मेण लावा, नाहीतर मेपलमध्ये डोकं तुटून स्क्रू आतच राहतो.

व्हीएमसीवर बॉडी करायचा विचार तुमच्या डोक्यात नक्की असेल. पॉकेट आणि खाचांसाठी एमडीएफचे टेम्पलेट तिथे कापून घ्या, तेही मालकाला विचारून, कूलंट बंद ठेवून आणि भुगा लगेच व्हॅक्यूमने ओढून. लाकडाचा भुगा स्लाइडवेच्या तेलात आणि कूलंटच्या टाकीत गेला तर मेंटेनन्सवाला तुमचं नाव काढत बसेल. बॉडी स्वतः घरी, टेम्पलेट चिकटवून, हातराउटरने करा. एका फेरीत पाच मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

पिकअप एकच घ्या, ब्रिजजवळ, हंबकर. सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा, स्वच्छ, टणत्कारी आवाज मलाही जास्त आवडतो, पण ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि जुनं वायरिंग असलेल्या घरात तो गुणगुणत राहतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर काढलेला उपाय म्हणजे हंबकर : शेजारी-शेजारी दोन गुंडाळ्या, एकमेकींच्या उलट, म्हणजे दोघींनी पकडलेली गुणगुण आपसात कटते आणि तारेचा आवाज बेरजेत येतो. मागवताना फेंडरच्या रुंदीच्या ब्रिजला जुळणारा आहे का ते पाहा. दोन टोकांच्या पोलमधलं (तारांखाली येणाऱ्या धातूच्या ठिपक्यांमधलं) अंतर ५२ मिमीच्या आसपास हवं. गिब्सनच्या मापाचा सुमारे ५० मिमीचा असतो आणि कडेच्या तारा पोलवरून जरा बाहेर पडतात. आवाज येतो, पण डोळ्याला खुपत राहतं.

हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट, सिंगल कॉइलला २५०. एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. टोनचा कपॅसिटर महागडा घेऊ नका. रेडिओ स्पेअर्सच्या दुकानात '२२३' छापलेला साधा पॉलिस्टरचा मागा, तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. पॉटच्या पाठीवर अर्थची तार जोडायची असते. तिथला पत्रा आधी कानशीने खरवडा आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने झगडत बसू नका, ६० वॅटची आणा, म्हणजे दोन-तीन सेकंदांत सांधा बसतो आणि आतली पट्टी जळत नाही. ब्रिजखालून एक तार काढून ती याच अर्थला जोडायची. ती विसरलात तर तारांना हात लावला तरी गिटारची गुणगुण थांबणार नाही.

याच तारेमुळे एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. ब्रिजमधून तुमच्या बोटांपर्यंत आलेली ही जोडणी ॲम्पच्या चासीला, म्हणजे प्लगच्या तिसऱ्या पिनला मिळते. घरात अर्थिंग नसेल, किंवा मांडवात कुणी तीन पिनी प्लगची मोठी पिन मोडून तो दोन पिनी सॉकेटमध्ये खुपसला असेल, तर एका हातात तारा आणि ओठाला माइक अशा वेळी झटका बसू शकतो, आणि तो जिवावरचा असतो. नवी गिटार पहिल्यांदा लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

मिरज. इतक्या जवळ राहून तुम्ही तिथे गेला नसाल तर आधी जा. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे होतात, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हाला तिथून दोन गोष्टी मिळतील. पहिली तून. सतारीच्या दांडीला आणि तबलीला वापरतात ते लालसर, हलकं, वासाचं लाकूड. तून आणि महोगनी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली, कडुनिंबही त्यातलाच. वजनाला सागवानापेक्षा बरंच कमी, कापायला सोपं. कुणी वाळवून ठेवलेली फळी द्यायला तयार असेल तर गिटारच्या बॉडीला याहून चांगलं काही नाही. मऊपणामुळे ब्रिजचे स्क्रू मात्र लांब घ्या. पण हे लक्षात असू द्या की त्यांनी ते लाकूड स्वतःच्या कामासाठी साठवलेलं असतं. दुकानात घुसून दर विचारण्याआधी तुमचं काम काय आहे ते सांगा, नेक दाखवा.

दुसरी गोष्ट जवारी करणारे हात. जवारीत घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला ओझरती लागत राहावी आणि तो झणकार उठावा. गिटारच्या नटमध्ये नेमकं याच्या उलट हवं. तार खाचेच्या पुढच्या, फिंगरबोर्डकडच्या कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. खाच मशीनहेडकडे उतरती हवी. खाचेचा तळ सपाट राहिला किंवा मागे उंच राहिला तर मोकळ्या तारेला सतारीसारखी झणझण येते, आणि नवशिका माणूस फ्रेट घासत बसतो. जवारीवाला हा दोष एकदा ऐकूनच ओळखेल, कारण तो मुद्दाम तेच घडवत आलेला असतो. हाडाचा नट त्याच्याकडून बनवून घेता आला तर प्लास्टिकचा नट काढून टाका. (१९६७ मध्ये अमेरिकेत कोरल नावाची 'इलेक्ट्रिक सितार' निघाली, तिच्यात ही झणझण चपट्या ब्रिजने मुद्दाम आणली होती. मिरजेच्या माणसाला ऐकवून बघा, काय म्हणतो ते मला कळवा.)

आता तुळई. तिचा मोठा गुण तिचं वय. इतकं जुनं लाकूड आतून शांत झालेलं असतं. पुरात भिजली हे फार मनावर घेऊ नका, सागवान पाण्याला भीत नाही आणि मधे बरीच वर्षं गेली. पण तडांमध्ये पुराचा गाळ बसलेला असणार, तो पात्याची धार उतरवतो. तारेच्या ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तडा साफ करा. मग जोरदार चुंबक दोरीला बांधून चारही बाजूंवरून फिरवा; जुन्या घरांच्या तुळयांत डोकं तुटलेले खिळे हमखास असतात आणि एक खिळा सॉ मिलचं पातं घालवतो. वखारवाल्याला आधी सांगितलं नाहीत तर पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल, आणि ते योग्यच आहे.

ओलावा मोजायला मीटर विकत घ्यायची गरज नाही. तुळईच्या मधल्या भागातून बोटभर जाडीची चकती कापा, सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर लगेच तोला. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि अधूनमधून तोला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ११२ ग्रॅमची चकती १०० वर थांबली तर ओलावा १२ टक्के. आपल्या हवेत १० ते १२ टक्के ठीक. १५ च्या वर निघाला तर फळ्या पाडून, मधे चिपा ठेवून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि दर आठवड्याला वजन लिहा. पावसाळ्यात कापणी-चिकटवणी टाळता आली तर टाळा.

दोन फुटांचा तुकडा घ्या. सहा इंचांच्या बाजूने त्याच्या तीन फळ्या पाडा, प्रत्येकी साधारण ४७ मिमी. रंधून ४२ मिमी उरतील, गिटारला तेवढी जाडी पुरते. पाच इंचांची रुंदी कडा साफ करून ११५ मिमी राहील. तीन फळ्या शेजारी जोडल्या की ३४५. फेंडरच्या टेलिकास्टर या गिटारच्या आकाराला रुंदीत सुमारे ३२५ आणि लांबीत ४०० मिमी लागतात, म्हणजे टोकांच्या चिरा सोडूनही बसतं. सागवान तेलकट असतं, म्हणून रंधल्यावर लगेच, त्याच दिवशी चिकटवा; कडा आधी ॲसिटोनने पुसून घ्या, तेल पुन्हा वर येण्याआधी. हे सांधे वडिलांना करू द्या. कडेला कड रंध्याने अशी जुळवणं की मधून उजेड दिसू नये, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आहे. वजन उतरवायला मागच्या बाजूने दोन पोकळ्या कोरून वर पातळ झाकण लावा. फेंडरने १९६८ मध्ये थिनलाइन काढली तीही आतून अशीच पोकळ होती. भुगा नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा, सागवानाने कातडीला खाजही सुटते. पॉलिश चपडीचं, मिरजेच्या पद्धतीचं करा. तेलकट लाकडावर थेट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारलं तर ते कधी कधी वाळतच नाही.

वडील अजूनही तयार नसतील तर त्यांना ब्रिटिश गिटारवादक ब्रायन मे यांच्या गिटारची गोष्ट सांगा. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, त्यांनी आणि वडिलांनी मिळून ती घरी करायला घेतली. नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीचा, त्यातली किडीची भोकं आगकाडीच्या काड्यांनी बुजवलेली. ट्रेमोलोला (सूर हलवणाऱ्या दांड्याला) जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तीच गिटार घेऊन ते पुढे क्वीन या बँडमध्ये वाजवत राहिले.

आठ फुटांतून भिंतीत गाडलेल्या टोकाचा फूटभर तुकडा आधीच काढून टाका. वाळवी आणि ओल तिथूनच शिरते, तो गिटारला नको आणि देवघरालाही नको. गिटारचे दोन फूट गेल्यावर पाच फूट अखंड सागवान उरतं. देवघराच्या मापांच्या खुणा वडिलांना आधी मारू द्या, आणि तुमचा तुकडा त्यांनी सोडलेल्या बाजूने घ्या.